ठोकळ्याची ढुशी

मोरणी म्हशीची कास भरून टणक झाली होती, तरी सडातून दुधाचा थेंब येत नव्हता. असं कसं, ते गोठ्यात कुणालाच कळेना. ठोकळ्याला तर मुळीच कळेना.

ठोकळ्या म्हणजे धारा काढणारा आमचा यंत्रमानव. त्यानं सड जरासा ओढला, स्वतःच्या पोटावरच्या पडद्यावर पाहिलं आणि जाहीर केलं, "निरोप मेंदूपर्यंत पोहोचला. दूध आलं नाही. मी गोंधळलो आहे."

"गोंधळलास तर बाजूला हो की!" पप्पा खेकसले. गेल्या आठवड्यात मोरणीचं रेडकू दगावलं, तेव्हापासून ती पान्हा सोडत नव्हती. "आता ही दूध द्यायची न्हाई. संध्याकाळी व्यापारी टेम्पो घेऊन येतोय. देऊन टाकतो."

मला रडूच फुटलं. मी आत्याला ओढतच गोठ्यात आणलं. आत्या चेतापेशींवर (शरीरात निरोप नेणाऱ्या पेशींवर) संशोधन करते.

"आत्या, निरोप पोचला, मग दूध का न्हाई?"

"एकदाच पोचला ना, म्हणून. चेतापेशीत पुटिका (अगदी सूक्ष्म पिशव्या) असतात. लहान पुटिका पेशीच्या दाराशीच उभ्या. एका इशाऱ्यावरही उघडतात. मोठ्या पुटिका दारापासून लांब असतात. त्यांच्यात पेप्टाइड (प्रथिनासारखा, पण छोटा रेणू) भरलेलं असतं. पान्हा आणणारं ऑक्सिटोसिन त्यातलंच."

"मग त्या उघडायच्या कशा?"

"इशारे भराभर, पुन्हा पुन्हा यावे लागतात. दर इशाऱ्याला पेशीत थोडं कॅल्शियम शिरतं. ते पुरेसं साठलं, की मोठ्या पुटिका कडेला चिकटून उघडतात. ऑक्सिटोसिन रक्तातून कासेत जातं, कास आतून आवळते आणि दूध उतरतं. हा ठोकळ्या एकदा ओढतो आणि पडदा बघत बसतो. तेवढ्यात कॅल्शियम बाहेर!"

माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. पिशव्या भरलेल्या, दूध भरलेलं, आणि तरी सगळं अडलेलं! मग आधी कोण पाठवत होतं इतके इशारे?

एकदम रेडकू आठवलं. ते आधी कासेला ढुशा द्यायचं, मग चोखायचं, परत ढुशा. दूध येवो न येवो, थांबायचं नाही.

"ठोकळ्या, ढुशी दे!"

"ढुशी म्हणजे हल्ला. परवानगी नाही."

"हल्ला न्हाई रे, लाड हाईत ते!"

रेडकू ज्यावर झोपायचं ते पोतं मी ठोकळ्याच्या डोक्याला बांधलं आणि स्वतः कपाळानं ढुशी देऊन दाखवली. ठोकळ्या वाकला. ढुशी, चोळणं, ढुशी, चोळणं. काहीच होईना. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. पप्पा दावं सोडायला पुढे झाले.

"थांबू नको!" मी ओरडले.

ठोकळ्या थांबला नाही. मोरणीनं पोतं हुंगलं. इतका वेळ पाय आपटत होती, ती शांत उभी राहिली, आणि सडातून दुधाची धार सणसणत बादलीत पडली.

पप्पा बाहेर गेले. "राहू दे बाबा, न्हाई विकायची," असं ऐकू आलं आणि मी मोरणीच्या मानेला मिठीच मारली.

"रिकाम्या झालेल्या पिशव्या आता कोण भरणार?" ठोकळ्यानं विचारलं.

"त्या तिथल्या तिथे भरत नाहीत," आत्या म्हणाली. "पेशीच्या मुख्य भागात नव्या तयार होतात आणि लांबून चालत येतात. आत्ताही येत असतील."

तेवढ्यात मोरणी मान वळवून ठोकळ्याचं डोकं चाटू लागली.

"डोकं ओलं झालं. कारण सापडत नाही," तो म्हणाला.

"हेही ऑक्सिटोसिनच का गं, आत्या?"

"त्याचा वाटा असेल. बाकीचं आम्हालाही नीट कळलेलं नाही. तू मोठी झालीस की शोध."

मोरणी चाटतच होती. ठोकळ्यानं पोटावरचा पडदा बंद केला आणि डोकं आणखी खाली वाकवलं.