इस्त्री न लागणारी साडी

फायर अलार्म वाजला तेव्हा मी आजीची नायलॉनची साडी आणि इस्त्री, दोन्ही घेऊन सात मजले धावत उतरले. इस्त्री वर ठेवून येणं शक्यच नव्हतं; साडी वितळून तिला चिकटली होती.

दुबईत अल बर्शातली आमची अख्खी बिल्डिंग भर उन्हात फुटपाथवर उभी होती. "आई गं..." माझ्या तोंडून निघालं. मराठी ऐकून बाजूला उभ्या असलेल्या मुलाने चमकून पाहिलं. त्याची अर्धीच दाढी झालेली, गालावर फेस तसाच. तो आधी इस्त्रीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

"म्हणजे अलार्म... तुमच्यामुळे?"

मी मान हलवली आणि रडायलाच लागले. आपण अर्ध्या दाढीने रस्त्यावर उभे आहोत हे विसरून तो माझ्यासाठी रुमाल शोधत राहिला. तोवर वॉचमन जहूर ओरडला, खलास, सगळे वर चला.

त्याचं नाव वेदांग. नवव्या मजल्यावर राहणारा. त्याला मी सगळं सांगितलं. साठच्या दशकातली ती फिकट पिवळी साडी, जांभळ्या फुलांची. रात्री धुवायची, सकाळी नेसायची, इस्त्री लागतच नाही, असं आजी कौतुकाने सांगायची. आणि मी नेमकी इस्त्रीच केली! इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी ती नेसणार होते. ते बघायला आजी पुण्याहून येणार होती.

मग तशीच साडी शोधायला दर शनिवारी आम्ही देरा बाजारातली कापडाची दुकानं पालथी घातली. वेदांग प्रत्येक पिवळी साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून विचारायचा, "ईश्वरी, खरं सांग, शोभते ना मला?" मी हसत सुटायचे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. एकदा एका दुकानात अगदी तशीच फुलं दिसली आणि मला धस्स झालं... साडी सापडली तर हे शनिवार संपतील. स्वतःच्याच मनाचा मला धक्का बसला. जवळ जाऊन पाहिलं, तर ती सुती निघाली. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

आजी आली. तिला आणायला वेदांगही माझ्यासोबत आला होता. एअरपोर्टवरच मी जळकी साडी तिच्या हातात दिली आणि खरं ते सांगितलं. ती वितळलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"ही नेसून मी टेलिफोन एक्स्चेंजला पहिल्या दिवशी कामाला गेले. सासूबाई दारात आडव्या उभ्या होत्या." तिने साडी माझ्याकडे परत दिली. "जाऊ दे. घडी घाल."

मी घडी घालेना, तशी तिने मान वर केली.

"हा कोण?"

"शेजारी," वेदांग म्हणाला.

"मग शेजाऱ्याचा हात का धरलायस, बाळा?"

मी खाली पाहिलं. खरंच, मी त्याचा हात घट्ट धरला होता. कधीपासून, देव जाणे. मी दचकून सोडवायला गेले... पण त्याने सोडला नाही.

"आजी, शेजारी म्हणालो, ते अर्धंच खरं आहे," तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "मला ही फार आवडते. हिलाही अजून सांगितलं नव्हतं."

मी फक्त त्याची बोटं आणखी घट्ट धरली.