वरवंट्याचं बारसं

गुणाजीने वरवंट्याच्या कानात "निषाद" असं सांगितलं आणि कुर्रर्र केलं. वरवंट्याला कान कुठे असतो, हा प्रश्न शर्वाणीला पडला. गुणाजीला पडला नाही.

"पहिलीत घालू याला," बाबा म्हणाले. "दांड्या तरी मारणार नाही."

बाळ आतल्या खोलीत दूध पीत होतं. आधी सजवलेला वरवंटा पाळण्यात घालायचा आणि मग बाळ, अशी घरची रीत.

"आत्या, अगं बघ ना!" शर्वाणी भिंतीवरच्या पडद्यावर दिसणाऱ्या आत्याकडे बघून ओरडली.

नाव ठेवायचा मान केतकी आत्याचा. पण ती चंद्राभोवती फिरणाऱ्या यानात संगणक सांभाळत होती, म्हणून तिने आपल्या जागी यंत्रमानव गुणाजीला उभं केलं होतं. नऊ मिनिटांत यान चंद्राआड जाणार होतं आणि संपर्क तुटणार होता. मग कसला मान!

"गुणाजीच्या डोक्यात ब्राउझर (पानं उघडून चालवणारा प्रोग्राम) आहे," आत्या म्हणाली. "त्याने तीन स्क्रिप्ट (सूचनांच्या फायली) मागवल्या: पाळणा, बाळ, नाव. पाळणा आला. मग 'नाव' छोटी, म्हणून 'बाळ'च्या आधी पोचली. आली की चालली! तिच्यात लिहिलंय, पाळण्यात असेल त्याच्या कानात नाव सांग."

"मग एकेक मागवू?"

"नको, वेळ जाईल. येऊ देत कशाही. चालवायच्या मात्र क्रमाने. प्रत्येक फाईलच्या डोक्यावर लिही, तिला आधी कोण लागतं. अशा फाईलला म्हणतात मॉड्यूल, आणि त्या लागण्याला अवलंबन."

शर्वाणीने लिहिलं: नावाला बाळ लागतं. बाळाला पाळणा लागतो. आणि बाळाला हाक मारायला नाव लागतं.

गुणाजी थिजला.

"बाळाशिवाय नाव नाही," तो म्हणाला. "नावाशिवाय बाळ नाही. मी उभा राहतो."

शर्वाणीने लिहिलेलं पुन्हा वाचलं. चार मिनिटं उरली. बाळ जन्मलं तेव्हा त्याला नाव होतं? छे! हाक न मारताच आलं होतं की! तिने शेवटची ओळ खोडली.

गुणाजी हलला. वरवंटा बाहेर, बाळ पाळण्यात, नाव कानात. बाळाने जांभई दिली. वरवंट्याने दिली नव्हती, म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं.

"पुढच्या वर्षी चंद्रतळावर पहिलं बाळ येणार," आत्या घाईने म्हणाली. "त्याच्या बारशाची यादी तूच—"

पडदा काळा झाला.

शर्वाणीने वहीत यादी सुरू केली: बाळाला पाळणा लागतो. पाळण्याला दोर लागतो, आणि चंद्रावर तो किती सावकाश झुलतो हे ठाऊक असलेलं कुणीतरी लागतं. चंद्रावरच्या झुलण्याची फाईल आजवर कुणी लिहिली असेल असं तिला वाटेना. तिने पेन्सिल तासली.