पाठीमागची घंटी

“थांब बाळ… पाणी नको—”

बावीस वर्षं झाली, तरी हा आवाज तिच्या कानातून गेला नव्हता. बाबांचा आवाज. त्यात राग नव्हता, हेच तर दुखणं होतं.

तेव्हा ती आठ वर्षांची होती. बाबा कातळावरच्या जुन्या चित्रांच्या नकला काढायचे. पारदर्शक कागद चित्रापुढे धरून, श्वास रोखून. वाळवंटातल्या त्या कपारीत गेरूने काढलेली दोन माणसं होती, एकामागे एक, हजारो वर्षं चालणारी. नक्कल पुरी झाली, बाबांनी कागद गुंडाळला, आणि पोरीला वाटलं, किती फिकं झालंय चित्र… बाबांसाठी उजळून द्यावं. तिने मगभर पाणी ओतलं. क्षणभर ती माणसं आत्ताच काढल्यासारखी लालबुंद झाली. मग दगड सुकला, आतलं मीठ वर आलं, आणि वर्षभरात मागच्या माणसावर पांढरा पापुद्रा चढला, तो कायमचा.

चौकशीला माणसं आली तेव्हा बाबा म्हणाले, “पाणी मी मारलं.” काम गेलं. पुढचं आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवण्यात सरलं. पोरीला मात्र त्यांनी एका शब्दाने दुखवलं नाही. गेल्या हिवाळ्यात ते गेले. कपाटावर पत्र्याच्या नळकांड्यात ती नक्कल तेवढी राहिली.

ते नळकांडं पाठीला लावून ती पहिल्यांदा त्या कपारीकडे जाणाऱ्या पायी सहलीला आली, आणि फाटकापाशीच तिच्या बुटाचा पट्टा तुटला.

वाटाड्याने पिशवीतून दाभण काढलं, गुडघ्यावर बसला, आणि दोरा ओवायला लागला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा दोरा दाभणाच्या शेजारून हवेत गेला.

“द्या इकडे.” तिने एका दमात ओवला. “जवळचा नंबर आहे तुम्हाला.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

“चष्म्याच्या दुकानात असते मी. दिवसभर लोकांचे डोळेच बघते.”

“मग आज सुट्टी घ्या,” तो खाली मान घालून शिवत म्हणाला. “आमची वाट लांबची. लांबचं मला स्वच्छ दिसतं.”

पट्टा शिवून झाल्यावर त्याने तिला रांगेच्या शेवटी नेऊन उभं केलं आणि हातात एक लहानशी पितळी घंटी ठेवली. ही त्याची रीत. बारा माणसांची रांग, पुढे तो, घंटी शेवटच्याकडे. तो मागे वळून डोकी मोजत नसे. घंटी वाजतेय तोवर सगळे आहेत. थांबली, की तो परत फिरे.

“आणि मी मुद्दाम थांबले तर?”

“तर मला यावं लागेल…” तो जरा घुटमळला. “थांबू नका पण. ऊन फार आहे.”

कपारीत तो हलक्या आवाजात बोलायचा, जणू कुणी झोपलंय. “हा पुढचा माणूस. आणि हा मागचा… होता. तो काय करत होता, आता कुणालाच सांगता येत नाही. इथल्या नोंदवहीत लिहिलंय, नक्कल काढणाऱ्याने पाणी मारलं. त्याचं नाव मी घेत नाही. तोंड कडू होतं.”

नळकांडं तिच्या पाठीला उन्हासारखं भाजलं. तिने ते उघडलं नाही.

पुढच्या महिन्यात ती परत आली.

“पट्टा टिकला?”

“टिकला की. शिवणाऱ्याला दिसत नव्हतं, तरी.”

अर्ध्या वाटेत घंटी थांबली. तो आला. “मुद्दाम?”

“बुटात खडा होता.”

“दाखवा.”

“फेकला…”

तो हसला नाही, पण त्याचे कान लाल झाले. वीस पावलं दोघं शेजारी शेजारी चालली, मग त्याला आठवलं की आपली जागा पुढे आहे. त्या वीस पावलांत तो एवढंच म्हणाला, “सुट्टीच्या दिवशीही मी त्या पुसलेल्या माणसापुढे जाऊन बसतो. वाटतं, कुणीतरी सांगता सांगता गप्प झालंय.”

त्या रात्री तिचा डोळा लागला नाही. सांगावं, तर हा हातचा जाईल. न सांगावं, तर बाबा जातील, दुसऱ्यांदा.

तिसऱ्या खेपेला रांगेत एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको होती. घंटी बघून बाई म्हणाल्या, “ह्यांच्या हातात देऊ नका हो. चाळीस वर्षं घंटा झाली की पोरांच्या आधी हेच वर्गाबाहेर.”

“आणि घरी आलो की हिची सुरू,” मास्तर म्हणाले.

वाटाड्याने घंटी आधीच, न विचारता, पुन्हा तिच्याकडेच दिली होती.

कपारीत तेच शब्द झाले. तोंड कडू होतं… लोक सावलीत पाणी प्यायला बाहेर गेले, वाटाड्याही त्यांच्यापाठी गेला. ती तिथेच उभी राहिली. घंटी गप्प. तो परत आला.

“खडा?”

“नाही.” तिने पिशवीतून चष्मा काढला. “अंदाजाने केलाय. घाला.”

त्याने घातला. तिने खाली बसून पाठीवरचं नळकांडं उघडलं आणि कागद गुडघ्यांवर पसरला. तो शेजारी बसला. किती वेळ नुसता बघत राहिला. मागच्या माणसाचा एक हात पुढे आला होता. चालता चालता पुढच्याच्या पाठीवर टेकवलेला, अलगद.

“म्हणजे… ह्या पुढच्यालाही मागे वळून बघावं लागत नव्हतं,” तो पुटपुटला. मग म्हणाला, “कुठून मिळालं हे?”

“माझ्या बाबांनी काढलंय. ज्यांच्या नावाने तुमचं तोंड कडू होतं, त्यांनी.”

त्याचा हात कागदावरून मागे गेला. “माफ करा. पण त्यांनी पाणी—”

“त्यांनी नाही. मी ओतलं. आठ वर्षांची होते.” तिचा आवाज कोरड्या नदीसारखा झाला होता. “ते माझ्यासाठी एकदा खोटं बोलले. आणि मी बावीस वर्षं गप्प बसून ते खरं केलं.”

त्याने चष्मा काढला, मिटला, खिशात ठेवला. बाहेर जाऊन रांगेला म्हणाला, “निघू या.”

परतीची वाट. पुढे त्याची पाठ, ताठ. मागे तिच्या हातात घंटी, पाऊल पडेल तशी वाजणारी. बाबांचं ओझं उतरलं होतं. हात मात्र जड झाला होता. आता चौथ्यांदा यायचं कारण उरलं नाही, तिने मनाशी म्हटलं, आणि घंटी धरलेल्या हाताच्या पाठीनेच डोळे पुसले.

वाटेवरच्या नदीच्या कोरड्या पात्रात तो एकदम थांबला. घंटी वाजत होती, आणि तरी तो वळला. सगळ्या रांगेला ओलांडून मागे आला. मास्तरांच्या बायकोने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि नवऱ्याचा दंड धरला. “चला, आपण पुढे होऊ. तुम्हाला काही कळायचं नाही.”

“घंटी वाजत होती की,” ती म्हणाली.

“ऐकत होतो.” त्याची नजर वाळूत. “त्या आठ वर्षांच्या पोरीवर रागवायला बघत होतो. नाही जमलं. मोठ्या झालेल्या बाईवर जमलं थोडं.”

“थोडं?”

“तिसऱ्या वळणापर्यंत.” त्याने पायाने वाळू सारखी केली. “नोंदवहीत दुरुस्ती करायची. तुमच्या अक्षरात. आणि तुमच्या बाबांचं नाव सांगा मला. इथून पुढे कपारीत रोज घेईन.”

तिने सांगितलं. त्याने ते एकदा स्वतःशी म्हणून बघितलं, जिभेवर ठेवल्यासारखं. मग खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे जवळून बघितलं.

“माझंही एक राहिलंय. पहिल्या दिवशी तुम्ही शेवटी नव्हता. सातव्या होता. मीच तुम्हाला मागे नेऊन उभं केलं…”

“का?”

“वाटभर तुमचाच आवाज माझ्या पाठीशी असावा म्हणून.”