सोन्यावर सरकणारा उजेड

बायको कौसल्या गेल्याचं सुदामला एसटी डेपोत कळलं. शवागारात त्याने स्वतःच चादर उचलली. चेहरा शाबूत होता. मंगळसूत्राखालचं मांस मात्र हाडापर्यंत जळलं होतं.

शहरातले दिवे केव्हाच गेले होते. उजेड आता लहरभिंती पुरवत. भिंतीवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असे. धातूतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या लाटेवर स्वार होऊन प्रकाश त्यावरून पाण्यासारखा सरके. चौकातले मनोरे डोळ्यांना न दिसणाऱ्या टेराहर्ट्झ लहरी सोडत आणि त्या लाटेला हवं तिथे अडवत, वळवत. पाण्यासाठी कौसल्यासह बायकांचा मोर्चा निघाला, तेव्हा त्यांचे डोळे दिपवायला पोलिसांनी साऱ्या वॉर्डाचा उजेड चौकात ओढला होता.

राख सावडून झाली आणि दुसऱ्या पहाटे अंधारातच सुदाम चाक खोलायची लोखंडी टॉमी घेऊन थेट डॉ. मृणाल आठल्यांच्या प्रयोगशाळेत शिरला. मनोरे तिनेच बनवले होते.

"बाई, माझी बायको कशानं मेली?"

"सोन्यानं. भिंत काय, दागिना काय, लहरीला सारखंच. भिंतीला पाठ टेकली की उजेड गळ्यात उतरतो."

"आधी करून बघितलं नव्हतं?"

"पुतळ्यांवर बघितलं होतं. कितीतरी वेळा."

"मग?"

"पुतळ्यांना मंगळसूत्र कोण घालतं, सुदामराव?"

त्याने तिला कपाटावर आपटलं. तिचा ओठ फुटला.

"आज सकाळच्या मोर्चात माझी लेक रत्ना पुढे असणार. गळ्यातलं काढ म्हटलं, तर म्हणते, बाबा, ह्यांना भिऊन काढू होय? बंद करा ते मनोरे!"

"माझ्या हातात राहिलं नाही."

तेवढ्यात त्याला काचेपलीकडे पुतळ्यांची रांग दिसली. प्रत्येकाच्या गळ्यात मंगळसूत्र होतं.

"घातलीत की आता! म्हणजे चूक सुधारली म्हणा."

तिने मान खाली घातली.

"सुधारली नाही. तिचा उपयोग केला. गर्दीतली नेमकी एक मान आता गळ्यातल्या सोन्यावरून लहरीला सापडते. वरून मागणी होती."

सुदामने काच फोडली. पुतळ्यांची डोकी एकामागून एक उडाली. मग तो पुतळ्यांवर लहरी सोडणाऱ्या यंत्राकडे वळला. ती आडवी आली, तेव्हा टॉमी तिच्या मनगटावर बसली आणि हाड कडकन मोडलं. तो थांबला नाही. यंत्राचा पार चुरा झाला.

"फोडा," ती जमिनीवरून कण्हत म्हणाली. "मनोऱ्यांना हे यंत्र लागत नाही. त्यांना नेम धरायला शिकवून झालंय."

सुदाम धापा टाकत उभा राहिला. रस्त्यावर उजाडलं होतं. चौकाच्या दिशेने बायकांच्या घोषणा ऐकू यायला लागल्या होत्या.

मनोरे पाडायचे राहिले होते.