कॅरिनाचा अंगठा

"तू माझा अंगठा पुसलास?"

मी दचकून वळले. समोर तो... कपाळावर विस्कटलेले केस, हातात कॉफी. माझ्या हातात अजून फडकं होतं. खोक्यातून निघालेल्या वस्तूवरचा प्रत्येक डाग आधी कागदावर लिहायचा, पुसायचा मुळीच नाही. कतारला, दोह्याच्या म्युझियममध्ये तीन वर्षं मी, कॅरिना, हेच काम करतेय. आणि त्या काळ्या लाखेच्या फळीवरचा एकुलता एक ठसा मी लख्ख पुसला होता. तो ठसा हीच त्याची कलाकृती होती!

तो चेंगदूचा लिन हान. तरुण चिनी कलाकारांच्या प्रदर्शनातल्या नऊ जणांपैकी एक.

"सॉरी... पुन्हा उमटव ना."

"माझा कधीही उमटेल. पुसणारीचा कुठे मिळणार?" त्यानं लाखेचा नवा थर दिला आणि माझा अंगठा अलगद त्यावर टेकवला. मग... सोडायला जरा उशीरच केला.

पत्रकार त्याला सारखे विचारायचे, "तुमची पिढी काय म्हणते?"

"पिढीला विचारा. मी एकटाच आलोय," तो वैतागायचा.

मी फक्त विचारलं, "जेवलास का?" त्यावर तो इतका हसला! माझ्या डब्यातली सुकटीची चटणी नाक पुसत पुसत संपवली. मग प्रदर्शन संपेपर्यंत तो दोह्यातच राहिला. कुणासाठी, ते आम्ही दोघंही बोललो नाही.

शेवटच्या दिवशी फळी खोक्यात ठेवताना तो म्हणाला, "माझ्याबरोबर चल."

"आमच्यात असं चालत नाही, हान. मम्मीनं वसईच्या मार्विनशी माझं ठरवत आणलंय..."

"मी तुमच्यातल्या सगळ्यांना नाही विचारलं, कॅरिना. तुला विचारलं."

माझं प्रेम होतं त्याच्यावर. हो म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं, "आमच्या घरी —"

"खलास," तो हळूच म्हणाला. हा शब्द मीच त्याला शिकवला होता.

मी कागदावर लिहिलं: अंगठ्याचा ठसा, एक. सुस्थितीत.

"कुणाचा, तेही लिही."

कॅरिनाचा, मी लिहिलं. आम्ही दोघांनी सह्या केल्या. झाकणाचे स्क्रू फिरले.

ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या घरी पोचले, तेव्हा मम्मी फोनवर मार्विनच्या आईशी बोलत होती. मला बघून ती हसली.

"हो हो, आमच्याकडून होकार आहे," ती म्हणाली. मी अंगठा मुठीत घट्ट धरून दारातच उभी राहिले.