खालच्या रांगेतला प्लग

माझ्याशी शर्त लावायला आमच्या सोसायटीत सहसा कुणी धजत नाही. सेक्रेटरीच्या स्कूटरवर ‘फुकट देणे आहे’ लिहून त्याच्याच बायकोचा नंबर चिकटवणारा माणूस मी. पन्नाशी आली तरी खाज जात नाही. पण त्या रविवारी सकाळी शिवा गळाला लागला.

भाईंदर पश्चिमेला, मिठागरांच्या बाजूला आमची बिल्डिंग. गेटजवळच्या बाकड्यावर आमची चहाची टोळी बसलेली. शिवा लग्नांचं शूटिंग करतो. सगळे व्हिडिओ ठेवायला त्याने घरातच सर्व्हर बनवलाय, म्हणजे एका डब्यात चार हार्ड डिस्क, दिवसरात्र चालू. पण कधी लाइट गेली की त्यातली एखादी डिस्क मरायचीच.

“आता नवीन बॅटरी टाकलीय,” शिवा म्हणाला. “पुढच्या रविवारपर्यंत एकदा पण बंद पडणार नाही.”

“पडणार.”

“लाव शर्त, धम्माभाऊ.”

“अर्धी मिशी! हरेल त्याने इथेच, गेटवर, सगळ्यांसमोर अर्धी मिशी उडवायची.”

निकोलस उत्तनचा, बोटीवरून आला की आमच्यातच बसतो. तो मांडीवर थाप मारून म्हणाला, “वस्तरा माझा! मासली सोलतो तशी सोलतो.” हंसाबेन वरून बाल्कनीतून ओरडल्या, “अरे शिवा, ये धम्मा के चक्कर में मत पड. मूछ भी जाएगी, इज्जत भी.”

आता शर्त जिंकायला मी देवाच्या भरवशावर बसणार होतो का? दोन दिवसांनी संध्याकाळी मीटररूममध्ये घुसलो आणि शिवाच्या नावाचा स्विच खाली केला. मग वर केला. मधे काय केलं ते आठवत नाही, हसत असेन एकटाच. शिट्टी वाजवत जिना चढलो.

दार उर्मिलाने उघडलं. शिवाची बायको. चेहरा पांढरा पडलेला.

शिवा जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. खालचा ओठ फाटलेला. बनियनवर रक्त टपटपत होतं. कोपऱ्यात सर्व्हर परत चालू होत होता आणि आतून एक डिस्क आवाज करत होती. टक. टक. टक.

“काय रे, पडलास?”

“लाइट गेली होती,” शिवा म्हणाला. जणू तेच उत्तर होतं.

मी लगेच सांगून टाकलं, की बाबा, लाइट गेली नव्हती, मी घालवली. वाटलं, आता शिव्या घालेल. त्याने फक्त डोळे मिटले.

“परत नको करू. हात जोडतो.”

मग त्याने बनियन वर केलं. बरगड्यांवर जुने पिवळे डाग, त्यावर नवे जांभळे. पाठीवर तर जागाच उरली नव्हती.

“सर्व्हरची लाइट जाते. परत येते. मधलं काहीच आठवत नाही. फक्त हे असतं. जितका जास्त वेळ जाईल, तितका मार जास्त.”

“मग बंद कर ना कायमचा! भंगारात टाक!”

“स्वतः बटण दाबून बंद केला होता एकदा.” त्याने तोंड उघडून दाखवलं. मागची दाढ नव्हती, नुसता काळा खड्डा. “भान आलं तेव्हा उर्मिलाचं बोट बटणावर होतं. तिने परत चालू केला म्हणून थांबलं.”

उर्मिला म्हणाली, “मी चालू केला हे पण बोट तिथे होतं म्हणून कळलं. मला कुठे आठवतंय?”

माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. भुताखेतावर माझा विश्वास नाही, उधारीवर पण नाही. मी म्हटलं, तुला फिट येते. शॉक लागतो, आपटतोस, विसरतोस. शिवाने कॉम्प्युटरवर एक पान उघडलं. डिस्कला धक्का बसला की ती स्वतःच त्याची नोंद ठेवते, किती वेळा आपटली ते. सर्व्हर लोखंडी कपाटात, स्क्रूने आवळलेला. तरी त्या टकटकणाऱ्या डिस्कचा आकडा असा होता, जणू तिला जिन्यावरून फुटबॉलसारखी लाथाडत नेलीय.

“माझ्या फिटमुळे तिला कसा मार लागतो?” शिवा म्हणाला. “आणि लाइट फार वेळ गेली तर? मी मरणार, भाऊ.”

शर्त गेली चुलीत. मी कामाला लागलो.

सॉकेट उघडलं तर अर्थिंगच नाही. बिल्डरने अर्थची पिन सरळ न्यूट्रलला जोडून ठेवलेली, आमच्या इथे अर्ध्या घरांत हेच. खारट हवेने डिस्कच्या पॉवर केबलच्या पिना हिरव्या पडलेल्या. पॉवर सप्लायचा पंखा धुळीने जाम. सर्व्हर चालू ठेवून जेवढं करता आलं तेवढं केलं, जिवंत माणसाचं ऑपरेशन केल्यासारखं. अर्थिंगला वेगळी वायर ओढली. शिवा शेजारी घामाने भिजून उभा. माझा हात कपाटाला लागला की त्याचे खांदे वर जायचे.

शिवाची नवी बॅटरी तर कुचकामीच निघाली होती, म्हणून शेवटी दुकानातून एक मोठा यूपीएस आणला, बंद पडलेल्या कुठल्यातरी ऑफिसातला सेकंडहँड माल. मागे सॉकेटच्या दोन रांगा. सर्व्हरला दोन पॉवर केबल होत्या, म्हणून एक चालू ठेवून दुसरी हलवता आली. एक लावली, मग दुसरी लावली. हिरवा दिवा लागला.

“टेस्ट?” मी सवयीने म्हटलं, आणि जीभ चावली. मेन बंद करून बघायचं, हीच टेस्ट. म्हणजे याला मार.

टेस्ट केली नाही.

रविवारी दुपारी मी शिवाकडे चहाला बसलो होतो. शर्तीचा शेवटचा दिवस. मी मुद्दाम घालवलेली लाइट धरायची नाही, असं ठरलं होतं. “मिशीला तेल लावून ठेव, भाऊ,” शिवा कितीतरी दिवसांनी हसला. “निकोलसचा हात थरथरतो.” उर्मिलाने बिस्किटं ठेवली. चहाची वाफ निघत होती.

लाइट गेली.

पंखा हळू झाला. यूपीएस बीप बीप करायला लागला. मी शिवाकडे बघून अंगठा वर केला.

कपाटातले दिवे विझले.

डिस्कची घरघर उतरत गेली. मी वाकून यूपीएसच्या मागे बघितलं. दोन्ही प्लग खालच्या रांगेत. खालच्या रांगेवर, धूळ पुसल्यावर दिसलं, बॅटरीची खूण नव्हतीच. ती रांग फक्त व्होल्टेजचा झटका अडवते. बॅटरी वरच्या रांगेला. वीस वर्षं हाच धंदा करतोय.

“भाऊ,” शिवा म्हणाला. “भाऊ, लवकर.”

मी प्लगला हात घातला.

पंखा फिरत होता.

चहावर जाड साय आली होती. मी उभा होतो, धापा टाकत, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला.

शिवा टीपॉयखाली पडला होता. जबडा एका बाजूला सरकलेला. एक डोळा दिसतच नव्हता, तिथे नुसती सूज. फरशीवर रक्त, रक्तात बिस्किटं, आणि रक्तावरून पावलं. खूप पावलं. चपलांची, अनवाणी.

कपाटाचं दार आत चेपलेलं. चारही डिस्क टकटकत होत्या.

दाराबाहेर कुणी नव्हतं. फक्त जिन्यात दारं लागल्याचे आवाज येत होते. एकामागून एक. हळूच, आवाज होऊ नये तशी.

हॉस्पिटलात उर्मिलाने सांगितलं, जिन्यावरून पडले. मी मान हलवली.

शिवा जगला. घरी आला तो जबडा तारांनी बांधून. आल्या आल्या दातांतूनच म्हणाला, “सर्व्हर बंद पडला. शर्त हरलो. मिशी देणार. सगळ्यांना बोलवा.”

“अरे येडा झालास का?”

“सगळ्यांना.”

संध्याकाळी गेटवर खुर्ची टाकली. उजेड होता अजून. अख्खी बिल्डिंग जमली, हंसाबेनसुद्धा गुडघे धरत उतरल्या. निकोलसने साबण लावला. “हलू न्हको रे, न्हायतर नाक जाईल,” तो म्हणाला आणि लोक हसले. हसण्यात काहीतरी कमी होतं. वस्तरा फिरला. उजवी मिशी गेली. टाके पडलेला, सुजलेला, अर्ध्या मिशीचा तो चेहरा. मी पण हसलो, हात खिशात घालून.

“टाळ्या,” शिवा दातांतून म्हणाला. “हरलोय ना मी? वाजवा.”

आधी कुणी वाजवेना. मग निकोलसने वस्तरा ठेवून सुरुवात केली. त्याच्या बोटांच्या सांध्यांवरची सालटं निघालेली. त्याने बोटीवर जाळं ओढताना लागल्याचं सांगितलं होतं. हंसाबेनच्या हाताला हळदीचा लेप. सेक्रेटरीच्या मुठीला पट्टी. माझ्या हातांचं मी बायकोला सांगितलं होतं, स्कूटर स्टँडवर चढवताना लागलं. मी हात बाहेर काढले आणि वाजवायला लागलो. शिवाने माझ्या हातांकडे बघितलं, मग पुढच्याच्या.

उर्मिला टाळ्या वाजवत नव्हती. ती खुर्चीमागे उभी होती, त्याच्या गळ्याभोवतीचा टॉवेल दोन्ही हातांनी घट्ट धरून.

शिवाने हात मागे नेला. टॉवेलाखाली तिची बोटं शोधली. अंगठा एकेका सांध्यावरून हळूहळू फिरवला.

मग हात काढून मांडीवर ठेवला, आणि निकोलसला उरलेली मिशी पण काढ म्हणाला.