न जळलेला मुखवटा

कार्निव्हल संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, राखेच्या बुधवारी सकाळी, कपाळाला राख लावून जज गिस्लेन बोप्लां चर्चच्या पायऱ्या उतरत होत्या, तेवढ्यात इन्स्पेक्टर बाझेलेचा फोन आला.

“जजबाई, लाकोलला मारलंय कोणीतरी. त्याच्याच कार्यशाळेत. लवकर या, लोक आत घुसताहेत.”

“घुसताहेत म्हणजे? तुम्ही काय करताय?”

“मी एकटा आहे हो, बाई!”

आमच्याकडे जजने पंचनामा केल्याशिवाय प्रेताला हात लावत नाहीत. फोटो मात्र खुशाल काढतात. गिस्लेनबाई पोचल्या तेव्हा अर्धं जाकमेल शहर कार्यशाळेच्या खिडक्यांना लटकलं होतं. एक बया तर लेकराला वर उचलून प्रेत दाखवत होती, दुसऱ्या हाताने व्हिडिओ काढत होती. बाईंनी तिचा फोन काढून घेतला आणि गटारात टाकला.

लाकोल म्हणजे खळ. कसावा कंदाच्या पिठाची, मुखवट्यांचे कागद चिकटवायची. विल्नेर देस्तें या पोराने हेच नाव घेतलं, कारण तो काहीही कशालाही चिकटवायचा. रॅपमध्ये बांबूचे कर्णे, कोयत्यांचा खणखणाट, म्हाताऱ्यांची अंत्यविधीची गाणी, जनरेटरची घरघर. राजधानीतले रॅपवाले म्हणायचे, हा रॅप नाही. चित्रकार म्हणायचे, ही कला नाही. पोरं मात्र त्याच्यापायी वेडी होती. वर्षाला एक नवं गाणं, त्या गाण्याचा एकच मुखवटा, सिमेंटच्या पिशव्यांचा, स्वतः घडवलेला. कार्निव्हलभर तो घालून गायचा आणि शेवटच्या संध्याकाळी किनाऱ्यावरच्या होळीत टाकायचा. आजवर एकही विकला नाही. विकत मागणाऱ्याला शिव्या घालायचा.

तो आता पालथा पडला होता. डोक्यामागे घाव. शेजारी मातीच्या साच्याचे तुकडे, त्याच्याच चेहऱ्याचा साचा, ज्यावर तो कागद चढवायचा. खळीची बादली आंबली होती आणि माश्या बादलीवरून प्रेतावर, प्रेतावरून बादलीवर करत होत्या. पदर नव्हता म्हणून गिस्लेनबाईंनी नाकाला बाही लावली.

“उलटा करा त्याला.”

जबड्याच्या कडेने खपल्या होत्या, सगळ्या वाळलेल्या. ताजं खरचटणं कुठेच नव्हतं. बाई बराच वेळ तिथेच बघत राहिल्या.

मुखवटा कोपऱ्यात पडला होता, या वर्षीचाच. तांबडं तोंड, काळी शिंगं. बाईंनी उचलून आतून बघितला. कडेने कापडी पट्टी नेटकी दुमडून चिकटवलेली, पट्टीची टोकं बरोबर हनुवटीखाली एकमेकांत खोचलेली.

“हा जळला का नाही?” त्यांनी विचारलं.

“तेच तर!” बाझेले म्हणाला. “काल अर्ध्या गाण्यात त्याने मुखवटा काढला. आतून बोट फिरवलं आणि तसाच उघड्या तोंडाने निघून गेला. लोकांना वाटलं, नवीन काहीतरी आहे. टाळ्या पिटल्या. त्याचं कधी काय कळलंय? पण त्याचा कर्णेवाला केनोल मागे धावला. सगळ्यांसमोर ओरडला, ‘मुस्काट फोडीन तुझं!’ केस सरळ आहे, बाई. केनोलला आत टाकलाय.”

“डोकं मागून फुटलंय, बाझेले. मुस्काट शाबूत आहे.”

ठाण्याबाहेर दगड घेतलेली माणसं जमली होती. रेडिओवर ओरेल मास्तर गळा काढून रडत होते. लाकोलला आणि अर्ध्या गावाला मुखवटे करायला शिकवलेला माणूस. त्यांचा प्रत्येक हुंदका ऐकून गर्दी आणखी पेटत होती.

“दुपारी याला कोर्टात न्यायचाय,” बाझेले कुजबुजला. “या गर्दीतून. जिवंत पोचेल असं मला वाटत नाही.”

केनोलचा एक डोळा सुजून मिटला होता. लाकोलच्या गाण्यातला बांबूचा कर्णा तो वाजवायचा, चालीही दोघं मिळून लावायचे.

“मारलंस त्याला?”

“नाही.”

“मागे का धावलास?”

“वर्षभर राबलो त्या गाण्यासाठी, बाई. म्हटलं, मुखवटा घाल, परत चल. तो बोललाच नाही. फोन कानाला लावून निघून गेला.”

“कोणाला फोन?”

“ठाऊक नाही. ‘तुम्ही या, आत्ता या’ एवढंच ऐकलं. मग मी दारूच्या टपरीवर जाऊन बसलो. विचारा हवं तर.”

“तो अहो-जाहो कोणाला करायचा?”

केनोलने एका डोळ्याने बघितलं. “लाकोल? कोणाच्या बापालाही नाही. एक ओरेल मास्तर सोडले तर.”

“त्याच्या जबड्याला खपल्या आहेत, त्या कसल्या?”

“मुखवट्याच्या. कड कच्ची ठेवायचा मुद्दाम, पट्टी न लावता, धारदार. पहिल्या कडव्यातच रक्त यायचं. शंभरदा सांगितलं, पट्टी लावून कड दुमड बाबा. म्हणायचा, माझं गाणं आधी मला लागू दे.”

“कालही अर्धं गाणं झालं होतं. मग?”

केनोलने स्वतःच्या जबड्याला हात लावला. “काल... काल रक्त नव्हतं.”

“कार्यशाळेची किल्ली कोणाकडे असते?”

“त्याच्याकडे. आणि मास्तरांकडे. ते बापाच्या जागी होते त्याला.”

कोठडीला कुलूप घालून बाई बाझेलेसह ओरेल मास्तरांकडे गेल्या, तेव्हा अंगणात शेजारणी कॉफी वाटत होत्या. मास्तर खुर्चीत बसून डोळे पुसत होते. मागे उन्हात माणसाएवढा कागदी कोंबडा उभा होता. तुरा रंगवून झालेला, पोट मात्र ओलं, नुकतं चिकटवलेलं.

“ये, गिस्लेन पोरी! शाळेत असताना तुला पहिला मुखवटा मीच करून दिला होता, आठवतंय? बघ काय दिवस दाखवला देवाने. त्या केनोलला सोडू नकोस.”

“काल किनाऱ्यावर होता, मास्तर?”

“हे गुडघे घेऊन? घरीच होतो.”

“लाकोलचा फोन आला होता?”

“आला होता ना. आशीर्वाद मागितला पोराने.”

“यंदाच्या मुखवट्याला तुमचा हात लागला होता?”

“छे! कोणाला शिवू द्यायचा नाही तो.”

“कोंबडा कोणासाठी?”

“आहे एक परदेशी गिऱ्हाईक. हॉटेलवाला.”

“कार्निव्हल काल संपलं, मास्तर. आज थकव्याने जाकमेलमध्ये कोणी भात खायलाही उठत नाही, आणि तुमच्याकडे असं सुतक असताना तुम्ही कोंबड्याचं पोट चिकटवताय?”

भिंतीवर विकायचे मुखवटे टांगले होते. बाईंनी एक उतरवला, दुसरा उतरवला, तिसराही. प्रत्येकाची कड पट्टीने दुमडलेली, टोकं हनुवटीखाली खोचलेली. पिशवीतून लाकोलचा मुखवटा काढून त्यांनी शेजारी धरला. मग बाझेलेकडून चाकू घेतला आणि कोंबड्याचं ओलं पोट उभं फाडलं. आत भुसा होता, भुशात तांबड्या तोंडाचा, काळ्या शिंगांचा दुसरा मुखवटा.

त्याची कड कच्ची होती. कडेवर सुकलेलं रक्त होतं.

शेजारणी कप ठेवून पुढे आल्या.

“ऐका आता सगळ्यांनी,” गिस्लेनबाई म्हणाल्या. “लाकोल विकत नव्हता, म्हणून मास्तरांनी चोरायचं ठरवलं. किल्ली होतीच. साचा कार्यशाळेतच होता. त्याच साच्यावर जोडीला दुसरा काढला, हुबेहूब. काल सकाळी खरा उचलला, खोटा ठेवला. संध्याकाळी तो जळून जाणार, म्हणजे पुरावाच नाही. फसले ते एका सवयीत. घालणाऱ्याला कड लागू नये म्हणून यांनी आयुष्यभर पट्टी लावली. हात आपोआप तिकडे गेला. लाकोल गायला लागला आणि त्याला काही लागेचना. बोट फिरवलं, टोकं कुठे खोचलीत ते बघितलं, आणि हे काम कोणाचं ते त्याला तिथेच कळलं. ज्यांच्याकडून शिकला, त्यांचा हात नाही ओळखणार? आशीर्वाद नव्हता मागितला त्याने, मास्तर. जाब विचारायला बोलावलं होतं.”

“तू पुरावा दे,” मास्तर म्हणाले. आवाजातला हुंदका साफ गेला होता.

त्यांच्या खिशात फोन वाजला. बाझेलेने हात घालून काढला. हॉटेलवाल्याचा आवाजी निरोप होता, बाझेलेने तो सगळ्यांना ऐकवला.

“मास्तर, तुमचा पहाटेचा निरोप मिळाला. म्हणजे आता दुसरा मुखवटा कधीच होणार नाही? खरंच मेला? मग आपण दुप्पट बोलू. रक्त मात्र पुसू नका हं, लोकांना तेच आवडतं.”

एका शेजारणीने मास्तरांसमोरचा कॉफीचा कप उचलून अंगणात ओतला.

“प्रेत सकाळी सापडलं,” गिस्लेनबाई म्हणाल्या. “तुम्ही पहाटेच भाव वाढवून बसलात. तेव्हा त्याचं अंगही निवलं नसेल, मास्तर! मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते आज डोळ्यांनी बघितलं. शिसारी येते तुमची.”

“वर्षानुवर्षं जाळत होता!” म्हातारा उसळला. “असली कामं, आगीत! मी वाचवलं ते! काल म्हणाला, उद्या गावासमोर सांगेन. मला! पाठ फिरवून फोन लावायला लागला, रेडिओवाल्यांना. माझं सगळं नाव...”

“आणि तुम्ही साचा उचललात.”

बाझेले बेड्या काढायला लागला, तेव्हा मास्तरांनी घाबरून हात पुढे केला, पण बेड्यांकडे नव्हे.

“शिंगाला धरू नकोस गं, पोरी. रंग निघेल.”

गिस्लेनबाईंनी मुखवटा पुराव्याच्या पिशवीत घातला आणि हात अंगणातल्या पिंपात धुतले. मग पुन्हा धुतले.

त्या ठाण्यावर परतायच्या आधी बातमी पोचली होती. तेच लोक होते, तिथेच उभे. दगड खाली टाकलेले, फोन वर केलेले. केनोल दारात आला तसा जल्लोष झाला.

“आम्ही म्हणतच होतो, केनोल असं करणारच नाही!”

“अरे, इकडे बघ! सुजलेला डोळा जरा उजेडात घे!”

“लाकोलचं शेवटचं गाणं म्हण ना! थोडंसं!”

ज्याने सकाळी त्याला पहिली लाथ घातली होती, तो त्याच्या गळ्यात हात टाकून व्हिडिओ काढत होता. केनोलने तो हात उचलून बाजूला ठेवला आणि मागे वळला.

“जजबाई, मी सुटलोय ना?”

“सुटलास रे बाबा. जा घरी.”

“मग एक मेहरबानी करा,” केनोल म्हणाला. “मला पुन्हा आत घ्या आणि दार लावा.”